आधी कान, मग डोळे

अमरावती, कार्तिक वद्य पंचमी, शके १७८६

अकोल्याच्या मक्तबात, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या शाळेत, अंध करीम माझ्या शेजारी बसून कुराण म्हणायचा, तो घुमणारा आवाज अजून कानात आहे. नुसतं ऐकून सारं पाठ! आता मी मास्तर आहे त्याच इथल्या शाळेत मुलांना कविता शिकवतो. आणि आज नवे तपासनीस त्याला काढून टाकतात! म्हणे, नव्या शास्त्राप्रमाणे ज्ञान डोळ्यांतून येतं. अरे, कुराणात बहुतेक जागी आधी ऐकणं, मग पाहणं! तान्हं लेकरू अंधारात आईला कशानं ओळखतं? आवाजानंच ना? लिहिता लिहिता संतापानं मोठ्यानं बोलतोच आहे मी.

दार वाजलं. करीम! एकटाच, कापसाच्या गाड्यांच्या गर्दीतून?

"दादा, किती ओरडून राहिले! चौकापासून तुमचा आवाज धरून आलो. चाला, हेच तपासनिसाले सांगू."