बंदरावरच्या दगडावरचं पहिलं नाव

यान्बू, सौदी अरेबिया, शुक्रवार

अब्बा,

सलाम. आम्ही मजेत आहोत. इथे राहायचा परवाना, इकामा, अजून नवा झालेला नाही, पण आमचा मालक, कफील, 'होईल' म्हणतो, तुम्ही काळजी करू नका. तुमचा गुडघा कसा आहे?

आज जुम्म्याच्या नमाजानंतर आमच्या खोलीवर गावच्या जमातीची बैठक झाली. गाव कुणी वसवलं, ते कोरलेला दगड बंदरावर लावायचाय. वर्गणी इथली, म्हणून मजकूरही इथेच ठरला. सगळे म्हणाले, पहिलं नाव परकारांचं, म्हणजे आपलं!

मी उठलोच. म्हटलं, "आपले पूर्वज गलबतातून उतरले, तेव्हा त्यांना गोड्या पाण्याची विहीर कुणी दाखवली? कोळ्यांनी! ज्यांचं पाणी प्यालो, त्यांनाच दगडावरून पुसायचं?"

माझ्या खोलीतला उमैर ओरडला, "परकार, खलास कर, बिर्याणी निवतेय!"

"बिर्याणी पुन्हा गरम होईल, दगड पुन्हा कोरणार आहेस का?"

हशा पिकला आणि सगळे हात वर गेले! पहिलं नाव कोळीवाड्याचं, त्याखाली आपलं. अब्बा, इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

आपलं नाव पहिलं यावं म्हणून तुम्ही गावात किती भांडलात, ते ठाऊक आहे. रागावलात ना? पण विहिरीची गोष्ट मला लहानपणी तुम्हीच सांगितलीत.

आता कोळीवाड्यातल्या काशीनाथकाकांना ही बातमी तुम्हीच द्या. दगडावरचा पडदा ते उघडतील आणि तुम्ही त्यांच्या शेजारी उभे असाल, असा शब्द मी तुम्हाला न विचारताच बैठकीत देऊन बसलोय.

अम्मीला सलाम.

तुमचाच,
जुबैर