दुसऱ्या पिंपळगावचा स्वार

नाशिक, गुरुवार, मार्गशीर्ष, १९३४

लेकीच्या, शांतेच्या स्थळाची चौकशी करायला थोरल्या दादांना पिंपळगावला धाडलं होतं. मुलगा मोऱ्यांचा. घोडदळाच्या रिसाल्यात जमादार, पुढेमागे रिसालदार होईल असा. दादा तोंड पाडूनच परतले. गावात म्हणे सांगितलं, घोड्यावरून पडला, पाय गेला, आता घरीच बसून असतो. मी नकार कळवायला निघालोच होतो.

तेवढ्यात मध्यस्थ आले, तेव्हा उलगडा झाला. स्थळ येवल्याकडच्या पिंपळगावचं, दादा गेले निफाडकडच्या. तिथलाही एक मोरे रिसाल्यातच होता. सुटलो, वाटलं. पण खरंच सुटलो का? तो पाय डोळ्यांपुढून हलत नाही.

रात्री जेवताना शांतेला म्हटलं, आपला जमादार धडधाकट आहे. ती वाढत होती. हात न थांबवता म्हणाली, "आणि लग्नानंतर याचा पाय गेला, तर कुठलं पिंपळगाव सांगाल, आप्पा?"