एक पदक मिळू दे

ताई,

तू दुकानात गेल्यावर लिहितेय. समोर असतीस तर तू मला अडवलं असतंस आणि मी थांबलेही असते. सोल-बीला घेऊन मी नऊच्या बसने आंदोंगला, घरी जातेय.

काल नृत्याच्या स्पर्धेत तिचा तिसरा नंबर आला आणि तू सगळ्या नातेवाइकांना फोन केलेस. पण ती मंचावरून उतरली तेव्हा काय झालं, ते मी तुला सांगितलं नाही. तिने पदक माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "आई, आता मी जुन्या शाळेत जाऊ ना?" मला काही कळेना. मग ती म्हणाली, "तूच म्हणाली होतीस, एक पदक मिळू दे, मग परत जाऊ."

मार्चमध्ये ती इथल्या नव्या शाळेच्या फाटकाशी रडायची, तेव्हा तिला गप्प करायला मी तसं म्हटलं असेल. मी विसरूनही गेले. पोरीने मात्र त्याच आशेवर आठ महिने काढले. वर्गात ती कुणाशीच बोलत नाही, हे तिच्या बाईंनी मला दोनदा सांगितलं होतं. तेही मी तुझ्यापासून लपवलं.

नृत्याच्या बाईंचा फोन आला तर सांग, पुढच्या स्पर्धेत तिचं नाव घालू नका. चिडतील, तेवढं ऐकून घे. सूप गॅसवर आहे, गरम करून जेव. रागावू नकोस गं, मी फार थकलेय.

ती कधीची बूट घालून दारात उभी आहे. इथे आल्यापासून आज पहिल्यांदा ती माझ्या हाकेशिवाय उठली.

जोंग-रान