आईच्या खोलीतला रॉकेलचा हीटर

२ डिसेंबर, सकाळी
माळ्यावरून रॉकेलचा हीटर खाली काढला. यंदा त्याची पूर्ण देखभाल मी स्वतः करणार. कामात शिस्त राहावी म्हणून ही रोजनिशी.

आईची खोली घरातली सगळ्यात गार. दोन भिंती बाहेरच्या, खिडकीला ऊन नाही. इलेक्ट्रिक हीटर लावला की फ्यूज उडतो आणि घरमालक वायरिंगचं नाव काढू देत नाही. म्हणून रॉकेल.

काल ताईचा फोन. १४ तारखेला येते म्हणाली. आईची खोली गेल्या वर्षीसारखीच गार असेल तर मी तिला माझ्याकडे घेऊन जाईन, असंही म्हणाली. मी म्हणालो, खुशाल बघ येऊन. बारा दिवस आहेत. मला एक रविवार पुरे.

३ डिसेंबर
हीटर पेटत नाही. बटण दाबलं की नुसतं कट-कट. ठिणगी नाही. माझं निदान: आतली कॉइल गेली. अवघड काम आहे, पण घाबरण्यासारखं नाही.

३ डिसेंबर, संध्याकाळी
बॅटरी उलट्या बसल्या होत्या. कुणी बसवल्या हा वाद मी घातला नाही. घरात हीटरला हात लावणारा मी एकटाच आहे, असं ही म्हणाली. बायकोच्या अशा बोलण्याकडे लक्ष दिलं तर कामं होत नाहीत.

५ डिसेंबर
टाकीत गेल्या वर्षीचं रॉकेल होतं. पिवळसर झालंय. ही म्हणाली, ओतून टाका, नवीन आणा. मी म्हणालो, तेल जितकं मुरेल तितकं चांगलं जळतं. पेटवला. पेटला! मग तडतडला, फुरफुरला आणि विझला. पुन्हा पेटवला. पुन्हा तेच. घरभर वास. आई खोकत होती. मी विचारलं, त्रास होतोय का? ती म्हणाली, छे, आणि मला मुळी थंडी वाजतच नाही. दोन स्वेटर, वर शाल, पायात मोज्यांवर मोजे, आणि हे वाक्य.

तेलात पाणी गेलं असावं. उद्या बदलतो.

६ डिसेंबर
दमलो. ऑफिसात दिवसभर जुन्या फायलींना नंबर घालत होतो. हेडक्लार्क दोनदा हवेत नाक फिरवून म्हणाले, इथे रॉकेलचा वास कुठून येतोय? मीही त्यांच्याबरोबर शोधलं.

तेल बदललं नाही. उद्या नक्की.

८ डिसेंबर, रविवार
तेल बदललं. जुनं तेल काढताना हातपंपाची नळी निसटली आणि लिटरभर सतरंजीवर गेलं. सतरंजी गॅलरीत. तसंही ती धुवायला झालीच होती.

मग वात तपासली. कडा जळून काळी, खडबडीत. वात म्हटलं की कापायचीच, हे लहान मुलालाही कळतं. हिची शिवणाची कात्री घेतली आणि गोल, सरळ, सुबक कापली. कात्रीची धार गेली.

हीटरबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक कपाटातल्या खणात आहे, असं ही तीनदा म्हणाली. ज्यांना यंत्राची जाण नसते त्यांच्यासाठी ती पुस्तकं असतात.

९ डिसेंबर
हेडक्लार्क म्हणाले, हल्लीच्या वाती काचेच्या तंतूंच्या असतात, त्या कापल्या की कामातून गेल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे मीच विचारलं होतं, पण कापल्यावर.

ही म्हणाली, कोपऱ्यावर मेकॅनिक बसतो, त्याचं कामच हे आहे, त्याला दाखवा. मी म्हणालो, बाहेरच्या माणसाला आपल्या हीटरविषयी काय आपलेपणा असणार? ती उठली आणि कात्री कागदात गुंडाळून धार लावायला घेऊन गेली.

१० डिसेंबर
नवी वात आणली. दुकानदाराने मॉडेल नंबर विचारला. मी हाताने घेर दाखवला. घरी आल्यावर दोन बोटं मोठी निघाली. दाबून बसवली तर वात वर-खाली करणारी चाकी फिरेना. पक्कड लावून फिरवली. आता ती न अडकता फिरते, म्हणजे कुठेच अडकत नाही, नुसती गरगरते.

११ डिसेंबर
अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण: घरगुती. परत दुकानात. या वेळी हीटरच बरोबर नेला, दोन्ही हातांनी पोटाशी धरून. रस्त्यात लोक बाजूला होत होते. दुकानदाराने बरोबर मापाची वात आणि नवी चाकी दिली आणि म्हणाला, वात बसवल्यावर टाकी भरून तासभर तशीच ठेवा, ती तेल पिऊ दे, मगच पेटवा. मी मान डोलावली. पाठ दुखतेय.

११ डिसेंबर, संध्याकाळी
तासभर म्हणजे सांगायची पद्धत. दहा मिनिटांत पेटवला. नव्या वातीचा वरचा काठ जळला. तेल पोचलंच नव्हतं.

आईने दारातून विचारलं, झालं का रे? मी म्हणालो, जवळजवळ. ती म्हणाली, घाई नको करूस, जेवून घे आधी.

१२ डिसेंबर
काठ जळलेली वातही चालते. आज पेटला आणि पेटता राहिला. मात्र मधलं जाळीचं नळकांडं किंचित तिरकं बसलं असावं, कारण पाच मिनिटांत काजळी उडायला लागली. छत, पडदा, आईची पांढरी चादर. आईच्या नाकाखाली काळी रेघ. तिने आरसा मागितला, पाहिलं आणि म्हणाली, मिशी आली, आता तुझ्या वडिलांसारखी दिसते. खूप हसली. हसता हसता खोकला आला.

ही काही न बोलता चादर भिजवायला गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१३ डिसेंबर
नळकांडं हलवून हलवून बसवलं. काजळी बंद. ज्योत पिवळी आहे, निळसर नाही, पण रंगाने काय होतं, ऊब महत्त्वाची. दोन तास न विझता चालला. मी तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो. आई म्हणाली, पाय बरे वाटतायत रे. एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

उद्या ताई. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलं, दाराखाली गुंडाळलेलं जुनं पांघरूण. ही म्हणाली, थोडी फट ठेवा, जीव घुसमटेल. मी म्हणालो, मग हीटर कशाला लावायचा?

१४ डिसेंबर, दुपारी
ताई आली. आईच्या खोलीत शिरल्याबरोबर कोट काढला. कोट काढला! मी कोट घेऊन खुंटीला लावला. ताई म्हणाली, बरी आहे की खोली, मला वाटलं होतं तू नुसता बोलतोस. दोघी दार लावून गप्पा मारत बसल्यात. ही बाजारात गेलीय. मी बाहेर हे लिहितोय. पाठ, खांदे, बोटं, सगळं दुखतंय, पण एका माणसाने मनावर घेतलं तर तो काय करू शकतो, याचं

१५ डिसेंबर
कालचं वाक्य अर्धं राहिलं. पूर्ण करत नाही.

काल ही बाजारातून आली आणि सवयीने आईच्या खोलीत डोकावली. आई खाटेवर आडवी, चेहरा पांढरा, हाक मारली तर डोळे उघडून बघत होती पण बोलत नव्हती. ताई डोकं धरून जमिनीवर बसलेली. तिला उठता येत नव्हतं. हिने हातातली पिशवी तिथेच टाकली, खिडकी उघडली आणि ओरडून मला बोलावलं. आम्ही दोघांनी आईला उचलून गॅलरीत आणलं. गार वाऱ्यात आईला उलटी झाली. मग तिने माझं नाव घेतलं.

मला वाटलं, पित्त. तिला पित्ताचा त्रास आहेच. डॉक्टर घरी आले तेव्हा तसं मी त्यांना सांगितलंही. डॉक्टरांनी आधी हीटरकडे बघितलं, मग खिडकीतल्या वर्तमानपत्राकडे, मग माझ्याकडे. म्हणाले, ज्योत नीट नसेल आणि खोली बंद असेल तर विषारी वायू साठतो, त्याला ना रंग ना वास. विचारलं, किती वेळ बसल्या होत्या? ताई म्हणाली, तासाच्या वर. ते म्हणाले, आणखी तेवढाच वेळ गेला असता तर. पुढे ते थांबले. तपासणीसाठी दोघींना दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन दिला. संध्याकाळी घरी पाठवलं.

बंद दाराच्या बाहेर मी बसलो होतो. रोजनिशी लिहीत.

१६ डिसेंबर
ताई मला एका शब्दाने बोललेली नाही. लहानपणी चूक झाली की ती कान पकडायची. त्याची वाट बघतोय.

१७ डिसेंबर
आई ताईकडे गेली. बॅग मी खाली नेली. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस, माझं मलाच जायचं होतं, ताईकडे गेले नाही किती दिवसांत. मग हळूच म्हणाली, हात धू रे, जेवताना वास येतो.

ताईने काच वर करता करता म्हटलं, तूही डॉक्टरला दाखव, तोंड बघ कसं झालंय. एवढंच.

१९ डिसेंबर
ठरवलं. हीटर असा दुरुस्त करायचा की डॉक्टरांनी येऊन बघावा. मग आईला परत आणायचं. या वेळी पद्धतशीर. आधी पुस्तक वाचलं. पान तीन: वात कापू नये. पान चार: जुनं तेल वापरू नये. पान पाच: खिडकी किंचित उघडी ठेवावी. पान सहाला पुस्तक मिटलं. छपाई बारीक आहे.

२२ डिसेंबर, रविवार
जेवणाच्या टेबलावर हीटर संपूर्ण उघडला. सगळे भाग ओळीने मांडले. ही ताट घेऊन ओट्याशी उभी राहून जेवली.

२३ डिसेंबर
जोडला. दोन स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली. कंपन्या जास्तीचे भाग घालत असणार.

२६ डिसेंबर
पेटत नाही. हात जरा लागला की आपोआप विझवणारा खटका पडतो. हात लागला नाही तरी पडतो. समोरून चाललं तरी पडतो.

आईच्या खोलीत बसलो होतो. अजून वास आहे. भिंतीवर काजळीचा ढग तसाच. पुसायला गेलो तर पसरला.

२ जानेवारी
ऑफिसातून आलो तर हीटर जागेवर नाही. हिने मेकॅनिकला नेऊन दिला होता. मी चिडणार होतो, पण अंगात त्राण नव्हतं. तिने सांगितलं, मेकॅनिकने उघडून बघितलं आणि विचारलं, ह्याला हात कुणी लावला होता? ही म्हणाली, आधीच्या भाडेकरूने. पंधरा वर्षं संसार करून माझी बाजू घेतली ती अशी.

४ जानेवारी
हीटर आला. मेकॅनिक स्वतः घेऊन आला, सत्तरीचा, कमरेत वाकलेला. नवी वात. नळकांडं बसवून दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवून दाखवलं: हे असं हललं म्हणजे नीट बसलं. खिडकी दोन बोटं उघडी ठेवली. पेटवला. सगळीकडून सारखी ज्योत, वास नाही, आवाज नाही. मी विचारलं, किती वेळ लागला? तो म्हणाला, काम अर्ध्या तासाचं, पण आधी चुकीचं बसवलेलं काढायला दुपार गेली. आधीच्या भाडेकरूला दोन शिव्या घातल्या. मीही मान डोलावली.

५ जानेवारी, रविवार, संध्याकाळी
दुपारपासून आईच्या खोलीत बसलोय. खोली उबदार. खाटेवर धुतलेली चादर, तिच्यावर फिकट डाग राहिलेत.

आईला फोन केला. म्हणालो, आता हीटर उत्तम चालतोय, खिडकी उघडी ठेवून सुद्धा खोली गरम राहते, मी तुला न्यायला येतो. ती म्हणाली, तूच केलास ना दुरुस्त? मी खिडकीच्या फटीकडे बघितलं. मग म्हणालो, नाही, मेकॅनिकने. ती म्हणाली, बरं झालं. हे तिने फार मनापासून म्हटलं.

मग पुन्हा विचारलं, कधी येऊ न्यायला? मागून ताईचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. आई म्हणाली, इथे बरं आहे रे, सकाळी खोलीत ऊन येतं. उन्हाळ्यात येते.