घशाखाली नाही

३ जून, मंगळवार
थुंकायची! अय्यो, किती हलकं वाटलं मला! वाइन तोंडात घ्यायची, घोळवायची आणि बादलीत थुंकून टाकायची — चाखणारे सगळे असंच करतात म्हणे. म्हणजे शपथ मोडत नाही. अप्पा दारूनंच गेले. तेव्हा आईनं माझा हात त्यांच्या फोटोवर ठेवला होता — "नव्या, थेंबसुद्धा घशाखाली जाता नये. गोत्ताय्ता? कळलं ना?"

घशाखाली नाहीच जाणार. तरी आईला "हॉटेलात ट्रेनिंग आहे" एवढंच सांगितलं.

५ जून, गुरुवार
ड्राय म्हणजे गोड नसलेली. बॉडी म्हणजे तोंडात लागणारा जडपणा — पातळ ताक, घट्ट ताक. टॅनिन लगेच कळलं: कच्ची सुपारी चघळली की हिरड्या आवळतात, तेच! शिकवणारे निनाद सर पुण्याचे. माझं मराठी ऐकून हसतात. "अर्धं कन्नडच बोलतेस की!" हसू देत. १४ तारखेला परीक्षा. पास झाले तर वाइन वाढायचं काम. नाहीतर परत सकाळचं इडली-काउंटर — आधीच तीन वर्षं झाली तिथं.

८ जून, रविवार
पांढऱ्या वाइनी जमल्या. सॉविन्यों ब्लां — आंबट, हिरवी, ढोबळ्या मिरचीचा वास. शेनिन ब्लां — पेरू. लाल द्राक्षांत मात्र कॅबर्ने की शिराझ, रोज गोंधळ! शिराझला मिरीचा वास येतो म्हणे. मला काही येत नाही. डोकं फिरलंय.

१० जून, मंगळवार
सुटल्यावर हिनकलला बसमध्ये चढले की तोंडाचा वास जावा म्हणून वेलची चघळत बसते. घराजवळचं बन्नीमंटप येईपर्यंत चार संपतात. आज तिसरी दाताखाली फुटली आणि आठवलं — अप्पा हेच करायचे!

आई दारात उभी. अप्पांसाठी उभी राहायची तशीच. पिशवी घेतली, माझा गणवेश काढून धुवायला नेला. फसवतेय मी तिला. लाज वाटते.

११ जून, बुधवार
आज सांगणार होते. नाही सांगितलं.

१३ जून, शुक्रवार
'फिनिश' — मागाहून चव किती वेळ रेंगाळते ते. माझं सारखं चुकतं. सर म्हणाले, "अगं, एकदा गिळून तर बघ! एका घोटानं काय होतंय?"

अप्पासुद्धा हेच म्हणायचे — एका घोटानं काय होतंय! ग्लास हातात, वाइन तोंडात. गिळावीशी वाटली, खोटं कशाला लिहू? थुंकले. सर मान हलवून पुढे गेले.

१४ जून, शनिवार
चार ग्लास. चौथा घाईत उचलला तर गणवेशाच्या शर्टावर सांडली. कॅबर्ने लिहून टाकलं. फिनिशचा रकाना सगळीकडे कोरा ठेवला. निकाल उद्या. काहीही होवो, आईला सांगायचं म्हणजे सांगायचं.

१५ जून, रविवार
पास! चौथी मात्र शिराझ निघाली.

आई कपडे वाळत घालत होती. रडत रडत सगळं सांगितलं. म्हणाली — "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे गं. वीस वर्षं दारात उभी राहून वास घेतलाय मी. गिळली की घामालासुद्धा येतो. तुझ्या नुसता तोंडाला येत होता."

माझ्या त्याच शर्टाला चिमटा लावला. मग — "काल यावर मिरीचा वास होता. ती कुठली?"