माझ्या कक्षातले पाच उपद्रवी

३ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी ५.४०
परिपत्रक आलं. ‘प्रत्यक्ष शासन अनुभव’ म्हणे. नववी-दहावीची पोरं पाच दिवस राज्य शासनाच्या कार्यालयांत बसणार, खऱ्या फायली हाताळणार, आणि शेवटच्या दिवशी जुन्या सभागृहात पोरांची समिती अधिकाऱ्यांची साक्ष काढणार. दुधाचे दात नीट पडले नाहीत आणि साक्ष काढणार!
आमच्या मजल्याच्या वाट्याला पाच पोरं. उपसचिव मॅडमनी ती माझ्याच गळ्यात घातली. म्हणजे अख्ख्या मजल्यावर अनुभवी कोण, हे त्यांना शेवटी कळलं. (शिपाई म्हणाला, बाकीच्या सगळ्या कक्ष अधिकाऱ्यांनी कालच रजा टाकल्या. शिपायाला नको तिथे बोलायची खोड आहे.)
संकल्प: बुधवारपर्यंत पोरं स्वतःहून पळाली पाहिजेत. पळताना त्यांनी माझी स्तुती केली पाहिजे, आणि ती मॅडमच्या कानावर गेली पाहिजे. बढतीची यादी मार्चमध्ये लागते.
पळणं आणि स्तुती एकत्र कसं जमवायचं, ते पुढे बघू.

४ जानेवारी, शनिवार
या भानगडीत आमच्या कन्येचीही निवड झाली आहे. परीक्षा आणि मुलाखत देऊन. मला हे आमच्या हिच्याकडून कळलं. तेही इस्त्रीचे कपडे मोजताना.
जेवताना कन्येला विचारलं, माझा कक्ष का नाही मागितला? ती म्हणाली, पसंतीच्या यादीत एक सोडून सगळ्या कार्यालयांवर खूण केली होती. पाणीपुरवठा मिळाला, समोरच्या इमारतीत.
उघड आहे. वशिला लावला असं कोणी म्हणू नये म्हणून. स्वाभिमान बापाचा घेतलाय.
ही पातेल्यात तोंड घालून हसत होती. पातेल्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी नंतर बघितलं.

६ जानेवारी, सोमवार
मी दहा पन्नासला पोचलो तर पाचही जणं दारात उभी. पावणेदहापासून, म्हणे. वेळेच्या आधी येऊन मोठ्या माणसाला तोंडघशी पाडायचं, हेच शाळेत शिकवतात वाटतं.
कपाटांमधल्या बाकावर बसवलं. आवक नोंदवहीवर दोन तास व्याख्यान दिलं. तिघे पेंगले, एक उंच पोरगा पंख्याची पाती मोजत होता. एक चष्मेवाली मात्र शब्दन् शब्द लिहून घेत होती. हिच्यापासून सांभाळून राहायला हवं.
तिने विचारलं, एवढ्या नोंदी झाल्यावर अर्ज करणाऱ्याला शेवटी काय मिळतं? मी म्हणालो, रीतसर उत्तर.
तेही लिहून घेतलं.

७ जानेवारी, मंगळवार
शिक्षा म्हणून सगळ्यात जाड फाइल दिली, पानांवर क्रमांक टाकायला. एका शाळेचा अर्ज. एक मुलगी कुबड्या घेऊन चालते, दाराशी तीन पायऱ्या आहेत, रॅम्प बांधून द्यावा. अर्ज चार वर्षांपूर्वीचा. मी तो सात वेळा त्रुटी काढून परत पाठवला आहे. त्रुटी सगळ्या खऱ्या. एकदा तारीख डावीकडे होती. एकदा शिक्का पुसट. एकदा उतार दाखवला होता, पण वर जाणारा की खाली येणारा, ते लिहिलं नव्हतं.
मला वाटलं, पोरं थक्क होतील. झालीही.
मग उंच पोरगा म्हणाला, एकच उतार वरही जातो आणि खालीही येतो ना? मी म्हणालो, शासनात काही गृहीत धरायचं नसतं.
चष्मेवालीने फाइलची प्रत मागितली. मी साफ नाही म्हणालो. तिने परिपत्रकाचं सहावं कलम काढून दाखवलं. प्रत द्यावी लागते. मी परिपत्रक दुसऱ्या कलमापर्यंतच वाचलं होतं. माझं नाव तिथे आहे.

८ जानेवारी, बुधवार
पळाली नाहीत. उलट आज साडेनऊला आली.
पण आनंदाची बातमी! साक्ष काढणाऱ्या समितीची निवडणूक झाली आणि अध्यक्ष कोण? आमची कन्या! आता शुक्रवारची काळजी मिटली. न्यायाधीशच घरचा.
संध्याकाळी तिच्यासाठी पाच प्रश्न स्वच्छ अक्षरात लिहून काढले, खाली उत्तरंही. उदाहरणार्थ, ‘इतक्या वर्षांच्या निष्कलंक सेवेचं रहस्य काय?’
तिने कागद वाचला. मग विचारलं, बाबा, त्या रॅम्पची फाइल तुमच्याकडे आहे का? मी म्हणालो, ती प्रक्रियेत आहे. ती म्हणाली, किती वर्षं? मी म्हणालो, शासनाचं काम वर्षांत मोजत नाहीत.
कागद परत आला. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘विषयाशी संबंध नाही.’ अक्षर माझ्यासारखंच आहे. शेरा मारायची ढबसुद्धा. ऊर भरून आला.
ही म्हणाली, पोरीला सरळ खरं सांगून टाका. बायकांना प्रशासन कळत नाही.

९ जानेवारी, गुरुवार
संतापजनक दिवस. उपद्रव्यांनी तीन दिवस गुपचूप वेळ टिपून तक्ता केला. ‘चहा’, ‘फाइल शोधणे’, ‘फोनवर घरचे बोलणे’, ‘काम’. शेवटच्या रकान्याकडे बघायची इच्छा नाही. घड्याळ चुकीचं असणार.
माहिती पुरवली शिपायाने. त्याच्याकडून लेखी खुलासा मागितला. म्हणाला, मला लिहिता येत नाही. रोज शब्दकोडं सोडवतो हा माणूस!
फाइल जिवंत दिसावी म्हणून आजच्या तारखेने आठवा शेरा मारला, ‘रॅम्पची आवश्यकता सिद्ध करावी.’ आता कोणी म्हणू शकणार नाही की मी हातावर हात ठेवून बसलोय.
उद्यासाठी चौदा मिनिटांचं भाषण तयार. आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा कन्या दात घासायचे सोडून निघून गेली.

१० जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी ७
सभागृह भरलेलं. वरच्या सज्जात मॅडम. अध्यक्षांच्या खुर्चीवर आमची कन्या, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. मी साक्षीदाराच्या जागी उभा राहिलो आणि तिच्याकडे बघून ओळखीचं हसलो.
ती उठली. म्हणाली, साक्षीदार माझे वडील आहेत, म्हणून मी या साक्षीपुरती खुर्ची सोडते.
सभागृहात कुजबुज. मला वाटलं, पोरीला गहिवरून आलं. ती खाली उतरली, थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या जागी समितीची उपाध्यक्ष, म्हणजे चष्मेवाली.
मी भाषणाचा कागद उघडला. चष्मेवाली म्हणाली, भाषण नको, रॅम्पची आजची स्थिती सांगा.
मी म्हणालो, काम अंतिम टप्प्यात आहे.
तिने विचारलं, तुम्ही जाऊन बघितलंय का? मी म्हणालो, आमची नियमित पाहणी असते.
मग ती म्हणाली (हे मी जसंच्या तसं लिहितो, कारण खोडून काढायला पुढे उपयोगी पडेल), साहेब, मी त्याच शाळेत आहे. रॅम्प होऊन दोन वर्षं झाली. माझ्या बाबांनी घातला, ते गवंडी आहेत. दोन रविवार लागले. सिमेंट आमच्या बाईंनी आणलं. ती ताई त्याच रॅम्पवरून ये-जा करून दहावी झाली, आता कॉलेजात आहे. मग तुमचं नक्की काय अंतिम टप्प्यात आहे?
छत कोसळावं तसं हसू कोसळलं. हसू थांबेना, तेवढ्यात उंच पोरगा उठला आणि त्याने कालचा शेरा वाचून दाखवला. तारखेसकट.
मला भाषणातलं एकच वाक्य आठवलं. ते म्हणालो. ‘या कौतुकाबद्दल मी आपला आभारी आहे.’
संपूर्ण सभागृहात दोघीच हसल्या नाहीत. मॅडम, आणि कन्या. कन्या मान खाली घालून बसली होती. आमचा शिपाई तिच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन गेला. मला कोणी पाणी विचारलं नाही.

११ जानेवारी, शनिवार
विचारांती असं दिसतं की साक्ष एकंदरीत बरी झाली. माझी सभागृहातली उपस्थिती जाणवली. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला.
चूक कोणाची? शाळेची. रॅम्प बांधल्याचं लेखी कळवायला नको?
कन्या खोलीतून बाहेर आली नाही. मी दारातून समजावलं, की अर्ज परत पाठवणं हीसुद्धा सेवाच आहे, त्याने अर्ज सुधारतो. नंतर ही म्हणाली, ती केव्हाच मैत्रिणीकडे गेली आहे. अर्धा तास मी रिकाम्या खोलीला समजावत होतो.
त्यातही माझा मुद्दा बिनतोड होता.

१३ जानेवारी, सोमवार
बदलीचा आदेश. तळमजला, अभ्यागत कक्ष. प्रवेशपासाची खिडकी.
मॅडम म्हणाल्या, लोकांशी थेट संबंध यावा म्हणून. म्हणजे त्यांनी माझ्यातला लोकाभिमुख अधिकारी ओळखला. बढतीआधी अशा ठिकाणी पाठवतातच.
हिला सांगितलं. ती म्हणाली, तिथे वारा फार असतो, स्वेटर न्या.

२० जानेवारी, सोमवार. दुपारी १२.१०
आठवडा झाला खिडकीवर. वारा खरंच फार.
पोरांची प्रमाणपत्रं आज वाटणार होते. सगळी पास घ्यायला माझ्याच खिडकीवर. चष्मेवालीने नमस्कार केला. मी शिक्क्याची शाई तपासत होतो.
कन्या रांगेत सातवी. मी काचेतून खूण केली, पुढे ये. तिने मान हलवली. रांगेकडे बोट दाखवलं.
तिच्या पुढच्या सहा जणांचे पास मी चार मिनिटांत दिले. कोणाचीही तारीख बघितली नाही.
मग तिचा फॉर्म आला. नाव, शाळा, काम, सगळं भरलेलं. ‘कार्यालयातील ओळखीची व्यक्ती’, हा एक रकाना रिकामा. तो रिकामा ठेवता येत नाही. मी नुसतं पेन काचेखालून सरकवलं. रकान्यावर बोट ठेवलं.
तिने पेन घेतलं. माझ्याकडे बघितलं. चांगलं दोन-तीन श्वास बघितलं. मी खुर्चीत जरा ताठ बसलो.
तिने शिपायाचं नाव लिहिलं. हुद्द्यासकट.
नियमात बसतं. मी शिक्का मारला.