बांधून आणलेले आधी

परंदवडी, ८ फेब्रुवारी १९६८

संताप आवरत नाही, म्हणून लिहीत आहे. शेजारच्या नामदेवाची पत्नी हिरा हिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तान्हे मूल गेल्यापासून ती बोलत नाही. आता घासही गिळत नाही. पुण्याच्या मनोरुग्णालयात जाण्यास डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि तिकडे खाटा थोड्या. डॉक्टर म्हणाले, "मारणारे, जाळणारे आधी. ही बाई कुणाला त्रास देत नाही. थांबेल." थांबेल! उपाशी देह थांबतो, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आमच्यामागून आलेल्या एका धिप्पाड तरुणाला मात्र तत्काळ चिठ्ठी मिळाली.

११ फेब्रु.

पेज घेऊन हिरेपाशी बसलो. ओठांच्या कडेने सगळी ओघळली. हीच हिरा कुंपणापलीकडून ओरडत असे, "आबा, त्या पुस्तकानं प्वाट भरतं व्हय? भाकर निवाली, या की!"

डॉक्टरांच्या वरिष्ठांकडे सविस्तर अर्ज धाडला. निर्दोष लिहिला आहे. कोणी वाचील तर.

१५ फेब्रु., गुरुवार

डॉक्टर गुरुवारीच येतात. मी बसने पुढे गेलो होतो. नामदेवाने हिरेला बैलगाडीतून आणले ते मनगटे कासऱ्याने बांधून! माझे भान सुटले. "अरे, ही माणूस आहे की जनावर?" दवाखान्याच्या दारात, चारचौघांदेखत, गाठ स्वतःच्या हातांनी सोडली. हिरा ओसरीवर मुकाट बसली. डॉक्टरांनी दारातून एकवार पाहिले. "पुढच्या गुरुवारी बघू."

परतताना नामदेव बैलांकडे पाहत म्हणाला, "आबा, दवाखान्याचा शिपाई बोलला हुता, बांदून आनलं की लगीच चिठ्ठी मिळती. म्हून बांदली. आन् तुमी सोडली."

गेल्या गुरुवारचा तो धिप्पाड तरुणही बांधलेलाच होता. मी पाहिले होते. ध्यानात आले नव्हते.

१८ फेब्रु.

डॉक्टरांच्या घरी जाऊन सुनावले. त्यांनी शांतपणे ऐकले. "गुरुजी, ओसरीवर दहा जण आरडाओरडा करत असतात. गप्प बसलेल्याकडे लक्ष द्यायला मला सवड कुठली?"

ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्याची पाळी पहिली, एवढे कळण्यास वैद्यक शिकावे लागते काय? बोललो तेही. उपयोग शून्य.

२१ फेब्रु.

अर्जाला उत्तर नाही. हिरेने आज पाणीही घेतले नाही.

सायंकाळी नामदेव कासरा माझ्या पायरीवर ठेवून गेला. "माज्याच्यानं पुन्यांदा न्हाई व्हायचं, आबा. तुमीच काय ते बगा."

मनगटांना काचू नये म्हणून जुने उपरणे फाडून पट्ट्या केल्या आहेत. उद्या गाडीत तिच्याजवळ मी बसेन. गाठ सैल ठेवली, तर डॉक्टरांची नजर पडणार नाही. घट्ट आवळली, तर हिरा मान वर करून माझ्याकडे पाहील; ते सोसायचे कसे?